वैनीला काय सांगू?

पत्र असं आहे:

"मावशी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ४४. घरात कोंकणी, माझी शाळा मराठी, मुलीचं सगळं कन्नड नि इंग्रजी. बेळगावात एका सोसायटीत हिशेबाचं काम करते, रोज बसने ये-जा. लग्नानंतर चर्चला जात होते, पण जायचं म्हणून. आई गेल्यावर तेही सुटलं; नाताळ आणि ईस्टर तेवढं उरलं. यंदा जूनमध्ये आईचं बंद घर आवरायला गेले. सोप्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि तिच्याखालचा लाल बल्ब गेलेला. आई असताना तो दिवा विझलेला मी कधी पाहिला नव्हता. दुकानातून बल्ब आणला, स्टुलावर चढून लावला. पेटला, आणि मला रडूच फुटलं. अर्धा तास खाली फरशीवर बसून होते. इतकी वर्षं कुणीतरी माझी वाट बघत थांबलंय असं वाटलं.

तेव्हापासून रोज जपमाळ करते, पहिल्या शुक्रवारी मिस्साला जाते. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. रोज सकाळी ग्रुपवर वचनं टाकते. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. तो म्हणतो, तुला झालंय काय? मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, तिने मला म्यूट केलंय. शेजारच्या वैनी माळकरी आहेत. त्यांच्या मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्यांना येशूच्या प्रेमाबद्दल सांगावं असं फार वाटतं, पण धर्मांतराचा संशय घेतील म्हणून तोंड उघडत नाही. आणि खरं सांगू? आता ते पहिलं वाटणंही ओसरलंय. माळ हातात आणि डोक्यात सोसायटीची थकबाकी. मग तेव्हा तो देव होता, की फक्त आईची आठवण?"

बाय,

वयाने मी तुझ्या आईच्या बरोबरीची असेन, म्हणून 'तू' म्हणते. तू एकाला दोन प्रश्न विचारलेयस, पण माझं लक्ष राहून राहून त्या बल्बाकडेच जातंय.

आमच्याकडेही ती तसबीर होती. आपल्या लोकांत कुणाकडे नसते म्हणा. लाल झिरोचा बल्ब, भोवती प्लास्टिकच्या फुलांची माळ, एका कोपऱ्यात खोचलेली झावळ्यांच्या रविवारची वाळकी पात, आणि तसबिरीमागे लाईटची बिलं, रेशनकार्ड, बाप्तिस्म्याचे दाखले. घरातली तिजोरीच ती. तू लिहितेस, आई असेपर्यंत तो दिवा विझलेला पाहिला नाही. तू हिशेब करणारी बाई आहेस, तर हाही हिशेब करून बघ. झिरोचा बल्ब दिवसरात्र चालू ठेवला, त्यात खानापूर भागात पावसाळ्यात व्होल्टेज नाचतं तेही धरलं, तर तो किती टिकेल? वर्ष निघालं तरी खूप. म्हणजे तुझ्या लहानपणापासून आई कितीतरी वेळा त्या स्टुलावर चढली असणार. तू शाळेत असताना. तू झोपलेली असताना. कधी वडिलांशी वाजल्यावर, डोळे पुसत. दिवा विझत नव्हता असं नाही गं. तुला तो विझलेला दिसू दिला नव्हता.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नातला तो 'की' मला कळत नाही. देव की आईची आठवण? देवाला तुझ्यापर्यंत यायला दुसरा कुठला रस्ता होता? पवित्र हृदयाची ही भक्ती जगभर पसरली ती फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल गावच्या मठातून. तिथे १६७३ ते १६७५ या काळात मार्गारेट मेरी अलाकोक नावाच्या धर्मभगिनीला येशूने आपलं हृदय दाखवलं. माणसांवर इतकं प्रेम केलं आणि पदरात काय पडलं, उपेक्षा, असं तो तिला म्हणाला. मला त्या भक्तीतलं हेच सगळ्यात जवळचं वाटतं. देव इथे न्याय करत बसलेला नाही, हिरमुसलेला आहे, आपल्या वाटेकडे डोळे लावून. पोप नवव्या पायस यांनी १८५६ मध्ये तो सण साऱ्या चर्चला लावून दिला. पोप फ्रान्सिस यांनी तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आपलं शेवटचं परिपत्र याच हृदयावर काढलं, 'दिलेक्सित नोस', म्हणजे 'त्याने आमच्यावर प्रेम केलं'. हे सगळं खरं, मोठं आहे. पण तुझ्याकडे ते रोमहून आलं नाही. स्टुलावरून आलं.

त्या मार्गारेट मेरीचं एक सांगते. इतकं सगळं दिसत होतं, पण मठात तिच्याकडे काम कसलं, तर आजाऱ्यांच्या खोलीत मदतनिसाचं. तेही हाताने धांदरट, संथ, म्हणून वरून बोलणी. बरोबरीच्या कितीतरी जणींचा तिच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. १६७५ मध्ये क्लोद ला कोलोंबिएर हे जेसुइट फादर त्या गावी आले, त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. तोवर तिने काय केलं? भांडी उचलली, अंथरुणं बदलली. घरच्यांनी ऐकलं नाही म्हणून तुला वाईट वाटतंय ना, तर तू चांगल्या संगतीत आहेस.

ओसरण्याबद्दल फार नको बोलायला. ओसरतंच ते. जेसुइट संघ काढणाऱ्या संत इग्नासियूसच्या साधनेच्या वहीत, ती १५४८ साली छापली गेली, एक साधा नियम आहे: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. भरात असताना जे ठरवलं ते कोरड्यात पाळायचं. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत हाक ऐकू आली. पण काम सुरू झालं आणि आतला उजेड गेला, तो जवळजवळ आयुष्यभर. २००७ मध्ये त्यांची पत्रं छापून आली तेव्हा लोक चक्रावले. मला तर ती वाचून धीर आला. म्हणजे त्या बाईने ते सगळं न वाटता केलं होतं!

तुझं त्या मानाने सोपं आहे. बस प्रभुनगरला आली की माळ काढ. पिरनवाडीच्या आत माळेतली पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, आरामात होतात. थकबाकी डोक्यात येते? येऊ दे. ज्याचा हप्ता थकलाय त्याच्या नावाने एक 'नमो मरिये' म्हण आणि पुढच्या मण्यावर जा. त्याचा हप्ता येईल न येईल, तुझा त्याच्यावरचा राग तरी उतरेल. आणि आई गेल्यापासून कुमसार, फादरपुढे पापांची कबुली, झालेला दिसत नाही तुझा, पत्रात कुठे उल्लेख नाही. जाऊन ये. ओळखीचे फादर नको असतील तर बेळगावला कँपात फातिमा कॅथेड्रलला जा, शनिवारी सोसायटी सुटल्यावर. फादरना आपण काही नवीन ऐकवणार आहोत असं समजू नकोस. त्यांनी सगळं ऐकलेलं असतं.

आता घरचं. इथे मला माझीच लाज सांगावी लागेल.

मी चाळिशीत असताना केरळातल्या एका साधना शिबिराला गेले होते. पाच दिवस. परत आले ती हवेत तरंगतच. मग काय! फ्रीजवर वचन, आरशावर वचन, नवऱ्याच्या टिफिनमध्ये चपात्यांवर चिठ्ठी. शेजारणी दिसल्या की साक्ष. दीर जेवायला आला तर ताटावर पाच मिनिटांची उत्स्फूर्त प्रार्थना, तोवर भातावर साय धरायची. शुक्रवारी त्याने मटणाचं नाव काढलं की माझं प्रवचन सुरू. दोन महिन्यांनी दीर यायचाच बंद झाला. आणि एका संध्याकाळी नवऱ्याने कप खाली ठेवला, अगदी हळू, आणि म्हणाला, "तुझा देव घरी आल्यापासून मला चहा गारच मिळालाय."

रागावून म्हणाला असता तर मीही उलटून बोलले असते. पण तो खरंच बोलला होता. मी आतल्या खोलीत माळ करत बसायची आणि तो कामावरून आल्यावर स्वतः ओतून घ्यायचा, थर्मासमधला. प्रेम सापडलं म्हणून मी गाव गोळा करत होते, आणि ज्याच्याबरोबर राहत होते त्याला कोमट चहा. दुसऱ्या दिवसापासून माळ पाऊण तास आधी केली. तो यायच्या वेळेला गॅसवर आधण ठेवलं. त्याच्यासमोर बसायला लागले, काही न बोलता. चिठ्ठ्या काढल्या. आरशावरचा गोंद काही निघाला नाही, तो डाग शेवटपर्यंत होता, आणि त्या डागातून रोज तोंड बघायचे मी, ते एका परीने बरंच झालं.

त्याचं मन पालटलं का, असं विचारशील. तो शेवटपर्यंत रविवारी मागच्या बाकावर बसणारा गडी. प्रवचन सुरू झालं की बाहेर. पण शेवटच्या आजारपणात एकदा रात्री मी माळ पुटपुटत होते, त्याला त्रास नको म्हणून थांबले, तर म्हणाला, "चालू दे तुझं, मला झोप लागते त्याने." एवढंच. मला ते पुरलं.

तर पहिली गोष्ट, ती सकाळची वचनं बंद कर. आजपासून. कुणाला सांगूही नकोस की बंद करतेय. गुलाबाच्या फुलावर, सूर्योदयावर चिकटवलेलं देवाचं वचन लोक वाचत नाहीत, वर सारतात, आणि हळूहळू तुलाही वर सारायला लागतात. मुलीने म्यूट केलं ते देवाला नव्हे.

मुलीसाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली अम्माऊसची वाट वाच. येशूला क्रुसावर दिलं म्हणून दोघं जण यरुशलेम सोडून चाललेत, निराश होऊन, आणि चाललेत उलट्या दिशेने. अंतर साधारण अकरा किलोमीटर, आपल्या बेळगावातून सांबऱ्याला चालत जावं तेवढं. मेलेल्यांतून उठलेला येशू त्यांना गाठतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो काय करतो? 'मागे फिरा' म्हणत नाही. त्यांच्याबरोबर त्याच चुकीच्या दिशेने चालायला लागतो आणि विचारतो, काय बोलत चाललाय? शास्त्र सांगतो, पण त्यांचं सगळं रडगाणं ऐकून झाल्यावर. आणि ते ओळखतात कधी? भाकर मोडताना. तू मुलीला शेवटचं कधी विचारलंस, काय चाललंय गं तुझं, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसलीस? पीयूसीचं वर्ष म्हणजे सोपं नाही. घरात कोंकणी, बसमध्ये मराठी, वर्गात कन्नड, पेपर इंग्रजीत. त्या पोरीच्या डोक्यात चार भाषा आहेत आणि ऐकणारा एकही नाही, असं असू नये. तिच्या परीक्षेच्या दिवशी झोपायच्या आधी तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करून बेसांव, आशीर्वाद दे, जसं तुला आई तेर्स, संध्याकाळची जपमाळ झाल्यावर द्यायची. ओरडली तर ओरडू दे. कपाळ मागे घेते का ते बघ. नाही घेत ती.

नवऱ्याबद्दल एवढंच सांगते, भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला आधी आंघोळ आणि जेवण. बाकी माझ्या गार चहाच्या गोष्टीत आलं.

आणि आता वैनी. खरं तर तुझ्या पत्राचा जीव इथेच आहे.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतराविरुद्धचं विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं ते आपल्याच इथे, हलग्याजवळच्या सुवर्णसौधात. त्या दिवसांपासून आपल्या बायका शेजारणीला 'तुमच्यासाठी प्रार्थना करते' म्हणायलाही कचरतात हे मी पाहते. पण कायदा घडीभर बाजूला ठेव. आपल्या चर्चनेच काय सांगितलंय ते बघ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मिशनकार्यावर जो दस्तऐवज केला, त्यात कुणावर जबरदस्ती करायला, किंवा गैर मार्गाने कुणाला ओढायला, फशी पाडायला साफ मनाई आहे. त्याच वर्षी, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असंही परिषदेने लिहून ठेवलं. आणि पोप बेनेडिक्ट २००७ मध्ये ब्राझीलला गेले होते तेव्हा म्हणाले होते, चर्च माणसं ओढून वाढत नाही, आकर्षणाने वाढतं. म्हणजे आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला, तिचा पाय घसरायच्या क्षणी गाठून, 'आमचा देव बघा' म्हणणं हे आपल्याच धर्मात बसत नाही. पोलीस नंतर.

मग प्रेम वाटायचं कसं? आनंदाच्या रहस्यांतलं दुसरं घे. सोमवारी आणि शनिवारी आपण ते म्हणतोच, पण तोंडाने म्हणतो. मरियेला देवदूताने जगातली सगळ्यात मोठी बातमी दिली. पोटात देव. आता तिने काय करावं? गावात सांगत सुटावं? लूक लिहितो, ती उठून घाईघाईने डोंगराळ भागात गेली. म्हातारपणी दिवस गेलेल्या, नात्यातल्या एलिझाबेथकडे. जाऊन फक्त नमस्कार केला. काय झालंय ते मरियेने सांगितलंच नाही; एलिझाबेथच्या पोटातलं बाळ उडालं, आणि ओळखलं ते एलिझाबेथने, बोलली ती आधी. मग मरियेने गाणं म्हटलं. आणि पुढचं वाक्य आपण नेहमी गाळतो: ती तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. तीन महिने! गाणं पाच मिनिटांचं असेल. बाकीच्या दिवसांत पाणी भरलं असेल, कांडलं असेल, त्या बाईचे सुजलेले पाय चेपले असतील.

तुला घाईघाईने जायचं असेल तर दहा पावलांवर डोंगराळ भाग आहे.

डायलिसिसला एका वेळी चारेक तास लागतात. आठवड्याला दोन वेळा, म्हणजे जायचं-यायचं धरून वैनींचे दोन दिवस संपले. त्यांतला एक शनिवारी येत असेल तर तो तू घे. म्हणावं, "वैनी, आज मी बसते, तुम्ही घरी जाऊन जरा आडव्या व्हा." पहिल्यांदा नको म्हणतील, पुन्हा विचार. डबा नेणार असशील तर आधी विचारून ने, हे मी मुद्दाम लिहिते. आपण आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं आणि केळी नेतो. किडनीच्या माणसाला बहुधा नेमकं तेच चालत नाही, त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. मीठ कमी, डाळ किती, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, ते वैनींकडून कागदावर लिहून घे. एखाद्याला काय चालत नाही हे माहीत करून घेणं, हेही प्रेमातच येतं. आपण भक्त लोक तिथेच चुकतो. आपल्याला जे गोड लागलं ते समोरच्याला पाजायला जातो.

तिथे बसलीस की माळ काढायची तर काढ, लपवू नकोस, दाखवूही नकोस. तुझ्या माळेत ५९ मणी, त्यांच्या जपाच्या माळेत १०८. कधी ना कधी त्या विचारतील. बायका माळ बघून विचारल्याशिवाय राहत नाहीत. "किती मणी तुमच्यात? काय म्हणता?" तेव्हा सांग. जूनमधला तो दिवस सांग, बल्ब, स्टूल, फरशी, सगळं. तुला जे झालं तेच. सिद्धांत नको, 'तुम्हीही' नको. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारेल त्याला. त्या शब्दावर बोट ठेव.

आणि मग त्यांचंही ऐक. तू लिहिलंस, कुणीतरी वाट बघत थांबलंय असं वाटलं. अगं, वाट बघणारा देव माळकरी बाईला नवा नाही. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, तर त्याने मागे वीट सारली, थांब म्हणाला. आणि देव थांबला, अजून थांबलाय. वैनी ते तुला सांगतील तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय येतं ते बघ. याचा अर्थ सगळं एकच, असं मी म्हणत नाही. मी येशूला मानते, भाकरीच्या रूपात तो माझ्या जिभेवर येतो हे मानते, आणि शेजारधर्मासाठी मी ते पातळ करणार नाही. वैनींनीही त्यांचं करू नये. पण दोन बायका हॉस्पिटलच्या बाकावर बसून, आपापला देव कसा थांबला हे एकमेकींना सांगतायत, यात कुणाचं काय गेलं? थॉमस स्टीफन्स हे इंग्रज फादर गोव्यात येऊन मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते ओवीत. दहा हजारांवर ओव्या. त्यांना येशूची गोष्ट सांगायची होती, पण आधी त्यांचा कान इथल्या ओवीला लागला. तू तर इथलीच आहेस, तुझा कान लागलेलाच आहे.

प्रार्थनेबद्दल मात्र विचारून घे. "तुमच्या मिस्टरांसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावू का?" एवढंच. बहुतेक 'लावा की' म्हणतील. आपल्या नोव्हेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, कुंकू लावलेल्या बायका येतात, मेणबत्ती लावून, हात जोडून जातात; त्यांना कुणी बोलावलेलं नसतं आणि कुणी अडवतही नाही. नाही म्हणाल्या तर घरी लाव, त्यांना न कळवता. मेणबत्तीला पत्ता लागत नाही.

नाताळात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट जातंच असेल त्यांच्याकडे, आणि दिवाळीत फराळाचं येत असेल. आपल्याकडे कुणी ताट रिकामं परत देत नाही. काहीच नसलं तर चमचाभर साखर. तुझी आई कुणी काही दिलं की काय म्हणायची, आठवतंय? बसच्या कंडक्टरने सुट्टे दिले तरी आमची आई म्हणायची, "देव बरें करूं." मराठीत आपण आभार म्हणतो, थँक्यू म्हणतो. कोंकणीत आभार मानताना आपण समोरच्यावर देवाची कृपा मागतो. मला ते कळायला पन्नाशी उजाडली. तो शब्द घरात अजून वापरतेस का? नसशील तर तोही बल्ब गेलाय म्हण.

एक राहिलं. आईचं घर तू आवरायला गेली होतीस, म्हणजे ते विकायचं किंवा भाड्याने द्यायचं चाललं असणार. तसबीर तिथे ठेवू नकोस. तुझ्या घरी आण, पण आधी नवऱ्याला विचार कुठे लावू, आणि तो म्हणेल तिथेच लाव, स्वयंपाकघराच्या दारावर म्हणाला तरी. खिळा त्याच्याकडूनच ठोकून घे. फाउंड्रीतला माणूस आहे, सरळ ठोकेल. वायर कुठल्या स्विचला जोडायची ते मुलीला बघायला सांग. आणि झिरोचे बल्ब दोन जास्तीचे आणून ठेव, लाल सहज मिळत नाहीत हल्ली.

देव बरें करूं,
तुझी मावशी